रिकव्हरी

मासिक सभेत मी म्हणाले, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल,
तर ढेंगळेबाईंनी थकबाकीदारांची यादीच पुढं सरकवली.
‘हे पाय, पयले हा डेकोरेशनवाला निखाडे.’
ती रिकव्हरी नव्हे जी, सर्व्हरची.
डिस्क मेली तर जशीच्या तशी उभी करायची,
आख्खी प्रतिमा काढून ठेवायची तिची.
‘प्रतिमा?’ रेवारामजींनी भिंतीकडं पाहिलं,
हार घातलेल्या दोन तसबिरींच्या मध्ये जागा आहे का ते.

सर्व्हर आमचा तिजोरीच्या खोलीत,
खाली चार विटा, वरून कूलरचा तिरका झोत.
आर्णीत मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला
की त्याचा पंखा असा ओरडतो,
पिग्मी भरायला आलेल्या बाया विचारतात,
‘आत दळण सुरू आहे काय?’

अठराशे खाती आहेत त्यात.
शशिकला भांडेवालीचे रोजचे वीस,
सलूनवाल्या वाटकरचे तीस, सोमवारी शून्य.
फायली पेनड्राइव्हवर उतरवतच होते मी.
पण फायली म्हणजे नुसती भांडी.
चूल कुठं, ओटा कुठं, कुठली बरणी कुठल्या फळीवर,
हे पेनड्राइव्हला काय ठाऊक?
गेल्या श्रावणात खांबावर वीज पडली तेव्हा
सगळी भांडी हातात होती
आणि स्वयंपाक नऊ दिवस बंद.

तीन आणली तपासायला.
पहिलं अमरावतीच्या माणसाचं, देखणं, दरसाल पैसे.
निळी पट्टी सरसर भरायची, शंभर टक्के, हिरवी खूण.
दुसरं सगळं वर आभाळात ठेवणारं.
पण नाल्याच्या कामात जेसीबी आमचा फायबर
महिन्यातून दोनदा तोडतो.
तिसरं फुकटातलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं,
विचारायचं एवढंच: कुठून? कुठं?
आणि मग, खरंच का? असं दोनदा.

घेणारं कुणीही घेतं.
हे पतसंस्थेत बसून मला कुणी शिकवायला नको.

रविवारी शटर अर्धं पाडून
वासेकरबाबूंचा जुना संगणक अडगळीतून ओढला.
आत पालीची अंडी होती,
ती कागदावर घेऊन कुंडीत ठेवली.
देखण्यानं परत दिलं ते असं:
काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करत, तासभर.
अमरावतीहून फोनवर म्हणे,
‘मशीन दुसरी आहे न ताई, त्याचं लायसन वेगळं.’
म्हणजे घर जळायलाही हवं
आणि तेच घर परत उभंही असायला हवं.

तिसऱ्यानं साडेतीन तास सांगितले.
तिसऱ्या तासाला लाइट गेली, यूपीएस किंचाळला नि बसला.
पुन्हा पहिल्यापासून.
मी उरलेला डबा खाल्ला,
पोराला फोनवर अपूर्णांक समजावले.

रात्री नऊ वीसला उठलं ते.
वासेकरबाबूंच्या यंत्रात आमचा सर्व्हर,
भलत्या अंगात ओळखीचा माणूस.
शशिकला, वीस. वाटकर, तीस.
शुक्रवारी मी चुकवलेली व्याजाची नोंद,
चुकलेलीच.
ती तर मी शनिवारी सुधारली होती!
मग लक्षात आलं, प्रतिमा शुक्रवार रात्रीची.
शनिवार कुठंच नव्हता.
दुपारी भरलेले, मोजलेले, सही केलेले पैसे
आणि त्यांचा दिवसच नाही.

वहीत लिहिलं: रोज, साडेआठला.
दुसरी डिस्क या इमारतीत ठेवायची नाही,
ढेंगळेबाईंच्या घरी, लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली.
महिन्यातून एक रविवार, परत उभं करून पाहायचं.

पुढच्या सभेत ठराव क्रमांक अकरा.
किंमत शून्य ऐकून रेवारामजींनी चष्मा काढला.
‘फुकटचं टिकते काय बाप्पा?’
म्हटलं, डिस्कचे सहा हजार आहेत,
आणि माझे रविवार.

सहा हजार मंजूर झाले.
रविवारांचं इतिवृत्तात काही आलं नाही.