सातशे मीटर

नवी पेठेत काचेवर तीन घड्याळं मांडली
गुर्रमच्या पोरानं.
पहिलं झोप मोजतं म्हणे.
रात्रपाळी आहे बाबा, मोजायला झोप कुठली?
दुसऱ्यात गाणी. बारा तास
मागाची खटखट ऐकलेल्या कानांना
पळताना गप्पच बरं वाटतं.
तिसरं मागच्या सालचं, खोकं चेपलेलं,
चार्जिंग मात्र आठवडाभर पुरतं.
टॉवेलाचं सूत बघावं तसा
पट्टा बोटांत चोळून पाहिला. घेतलं.

पहाटे अशोक चौकात उभी राहिले
हात वर करून,
उपग्रह सापडेपर्यंत.
चहावाला हसला.

अंबादासमामांची पाच किलोमीटरची वाट,
वीस वर्षं पळून त्यांनी मला दिलेली,
घड्याळात चार पूर्णांक तीन भरली.

मामांना दाखवलं.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"स्वस्तातलं घेतलंस ना?"

हो म्हटलं.