निव्वळ वजन

सावद्याच्या धर्मकाट्यावर
रात्रपाळीला मी असतो.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली
की उरतं ते निव्वळ.
सोळा वर्षं एवढंच गणित,
आणि पावतीच्या कोऱ्या पाठीवर
सहा वर्षं एक कादंबरी.

एका पावतीवर नऊ ओळी बसतात,
बारीक लिहिलं तर अकरा.
चौथं प्रकरण बिस्किटांच्या खोक्यात आहे,
पाचव्याला वाळवी लागली,
सहावं बरं होतं बहुतेक.
सातव्यात एक बाई उंबऱ्यात उभी आहे.
दुरपता तिचं नाव.
हात ओले, भांडी तशीच टाकून आलेली.
दारात कोण आलंय ते मलाच माहीत नाही.
दिवाळीपासून उभी आहे.

दोन अंकांना पहिलं प्रकरण पाठवलं होतं.
एकाचं पत्र आलं, साभार परत, छापील,
वर भंगाळेचं ‘बंगाली’ केलेलं.
वैजयंता म्हणाली,
चला, बंगालपर्यंत तरी पोचलात.
दुसऱ्याचं काही आलंच नाही.
मेहुणा कांदेबागेचे भाव सांगून झाले की विचारतो,
तुमच्या कादंबरीचा काय निघाला, क्विंटलला?
भाचा पुण्यात शिकतो. तो म्हणतो,
मामा, लेखकानं पहाटे पाचला उठून
रोज हजार शब्द लिहावेत.
पहाटे पाचला मी झोपायला जातो.

मे महिन्यात केबिनचा पत्रा
रात्री दोनपर्यंत शेक देतो.
पेनातली शाई पातळ होऊन फुटते,
बोटं निळी, आकडे निळे,
ड्रायव्हर खेकसतात.
अशा रात्री मी ठरवतो, पुरे.
किती वेळा ठरवलं त्याची पावती नाही.

ठरवतो,
आणि गाडी उतरल्यावर काटा शून्यावर यायची वाट बघत बसतो.
गाडी गेली तरी आकडा थरथरत असतो,
चाळीस, वीस, दहा, परत वीस,
आणि तेवढ्यात एखादं वाक्य येतं.
चांगलंच असतं असं नाही.
येतं.

सुभान तडवी घड वाहतो, पालकडचा.
खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
कुठल्याही साबणाला न जुमानणारे.
चैत्रात गाडीचा टायर बसला
तेव्हा तासभर माझ्या पायरीवर बसला होता.
त्याला वाचता येत नाही.
मी वाचून दाखवलं. का, कोण जाणे.
तो बरं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही,
फक्त तंबाखू मळता मळता
अंगठा थांबला त्याचा.
मग बऱ्हाणपूरकडे कटाईला गेला,
चार महिने दिसला नाही.

काल आला.
घडांवर झोपलेला, तसाच खाली उतरला,
खिडकीत तोंड घालून म्हणाला,
काहो भाऊ, त्या बाईचे हात वाळले का?

अजून नाही, म्हटलं.

मंग पुसू द्या ना तिले.
दारात कोनी बी येवो,
हात तं पुसनच ना ती पयले.

भरलेली चोवीस हजार सहाशे.
पावती घेतली, दोन बोटांनी घडी घातली,
गेला.

मी दुसरी पावती उलटी केली.
दुरपतानं हात पुसले.
पदराला नाही, परकराच्या काठाला,
कारण लुगडं नवं होतं.
लुगडं नवं आहे
हे मला लिहिताना कळलं,
आणि ते कुणी आणलं ते कळल्यावर
दारात कोण उभं आहे तेही.

अकरा ओळी भरल्या.
पुढच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला.
थांब, म्हटलं,
काटा अजून शून्यावर यायचाय.