शटर अर्धं खाली

उद्यमनगरात शटर अर्धं खाली आलं की
मुल्लाणी विषय काढतो, "शिंत्रेनं टीम बदलली.
कोइमतूरला गेला. पैशाला भुलला."
"पैसा कुठला?" बापू सुतार लेथ पुसत,
"इथं पहिली गाडी त्या घाटग्याला.
घाटगे हसून बोलतो, स्पॉन्सरला तेवढंच कळतं."

शिंत्रे हसत नाही.
वळणावर ब्रेक उशिरा मारतो,
माइकसमोर त्याहून उशिरा बोलतो.
हुपरी रोडला एकदा उघडं चाक उघड्या चाकावर चढलं,
घाटगे हवेत, मग उलटा.
शिंत्रे स्वतःची गाडी सोडून पळाला
त्याचा पट्टा सोडवायला.
"म्हणून तर हरतोय," मुल्लाणी.
"म्हणून तर," बापू.

चहा निवला. मी गप्प.
त्याच्या पुढच्या चाकाचं बुश मी काढलेलं.
केसभर जाड झालं तेव्हा
तो स्वतः आला, अंगावर फाटका बनियन,
स्टूल ओढून तासभर
चिपा उडताना बघत बसला.
उठताना म्हणाला, "काका, तिकडं
असं कोण करून देणार?"

मी बिलाचा आकडा मांडत होतो.
तिकडं म्हणजे कुठं,
विचारायचं राहिलं.