चार किलो दोनशे

दुकानदार म्हणाला होता, कुठंही न्या, फिरतं ऑफिस आहे.
मी न्यायचा तेवढा नेला:
कॅनडा कॉर्नरवरून पाथर्डी फाट्यापर्यंत, रिक्षात, मांडीवर.
तेव्हापासून तो जेवणाच्या टेबलावर आहे
आणि आम्ही जेवतो खाली, वर्तमानपत्र अंथरून.

सतरा इंची पडदा. वजन चार किलो दोनशे.
चार्जर वेगळा. चार्जर म्हणजे भाजकी वीट,
रात्री पाय लागला तर चपलेचंही नाव घ्यायचं नाही.
बॅटरी चाळीस मिनिटं.
वीज गेली की तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे,
आणि दोघंही फाइल सेव्ह करतो.

एकदाच गावाबाहेर नेला. चाकणला, गिऱ्हाईकाकडे.
नारायणगावला बस थांबली,
सीटवर ठेवायचा धीर होईना,
खांद्याला लटकवूनच चहा प्यायलो, वाकडा उभा राहून.
तिकडे एक पोरगा साहेब म्हणाला, सर, हा कोणत्या साली घेतलात?
मी त्याला काही बोललो नाही.
स्कूटरच्या मागच्या दिव्याचा साचा उघडला,
एकशेचाळीस भाग, सगळे एकदम फिरवून दाखवले,
आतल्या पाण्याच्या वाटांसकट, न अडखळता.
पोरगा खुर्ची ओढून जवळ बसला.

पण अडखळत नाही तो फुकट नाही.
पंखे सुरू झाले की शेजारच्या वाघचौरेबाई विचारतात,
मिक्सर एवढा वेळ का चालू आहे?
उजव्या बाजूच्या जाळीतून झळ येते,
तिथं ठेवलेलं खोडरबर वितळलं,
एकदा मेणबत्ती नमस्कार करून बसली.

ती उजवी बाजू अण्णांची.
छत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये कोऱ्या नोटा तपासून
त्यांची बोटं थंडीत काठीसारखी होतात.
डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात छापून यायच्या आधी
अण्णांच्या बोटांना कळलेला असतो.
मी साचा रेंडरला लावायचो,
ते स्टूल ओढून जाळीसमोर हात धरायचे,
उलटे, सुलटे, पापड भाजल्यासारखे.
काम संपलं की म्हणायचे, संपलं? अजून एखादं लाव ना.
मी लावायचो. कुणालाच नको असलेले साचे
मी जानेवारीभर रेंडर केले.

मार्चात भाऊ त्यांना जळगावला घेऊन गेला.
तिथं लिफ्ट आहे, गुडघ्यांना बरं.
आणि इकडे हा तापायला लागला.
अठ्ठ्याण्णव अंश. मग पडदा काळा. मग परत अठ्ठ्याण्णव.

शालिमारच्या मागे नौशाद बसतो, जिन्याखाली.
अकरा स्क्रू काढले, बारावा शोधून काढला,
पोट उघडलं, दाढीच्या ब्रशनं पंखा झाडला
आणि शिंकला. परत शिंकला. सलग सात वेळा.
डोळे पुसत म्हणाला,
साहेब, धूळ खूप पाहिली. उदबत्तीची राख, मांजराचे केस,
एका वकिलाच्या मशिनमध्ये तर झुरळाचं अख्खं कुटुंब.
पण हे काय? तपकीर?

तपकीर.
रात्रपाळीत जागं राहायला लागलेली, रिटायर झाल्यावरही न सुटलेली.
एका हाताला ऊब घ्यायची, दुसऱ्यानं चिमूट,
आणि जे नाकात गेलं नाही
ते ह्यानं ओढलं, आख्खा हिवाळा.
तांब्याच्या पट्ट्यांमध्ये तपकिरी नमदा साचला होता,
बोटभर जाड, वाळलेल्या शेवाळासारखा.
नौशादनं तो चिमट्यानं उचलला, कागदावर ठेवला.
मी म्हणालो, पुडी बांधून द्या.
त्यानं विचारलं नाही कशाला. साडेसहाशे झाले.

आता एकाहत्तर अंश. वाघचौरेबाई गप्प.
रात्री फोन केला, सांगितलं,
अण्णा, तुमच्यामुळे बंद पडत होता, साफ करून आणला,
आता अजिबात तापत नाही.

पलीकडून टीव्हीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाले, अजिबात?

अजिबात.

मग ठेवलायस कशाला एवढा जड?