वाटाड्या विकणे आहे

विकणे आहे : पिकअप, सन बासष्ट,
चारही चाकं ओढतात, रंग हिरवा.
एवढंच लिहून पंपावर पाटी लावली.
गान गानचा वारा ती दोनदा घेऊन गेला.
तिसऱ्यांदा मी खिळे जरा जास्तच ठोकले,
कुणाच्या रागाने, ते विचारू नका.

बाकेआनो, हे तिचं कंपनीने ठेवलेलं नाव.
आमच्याकडे बाकेआनो म्हणजे वाटाड्या :
ज्याला पठारावर वाट विचारावी लागत नाही,
जो घोडा सैल सोडून खुशाल डुलकी काढतो.
म्हणून गाडी असूनही बाबा तिला ‘तो’ म्हणायचे.
‘तो दमलाय आज,’ म्हणायचे,
आणि स्वतः चालत यायचे.

बाबा गेल्यावर नऊ वर्षं ती कातरणीच्या शेडमध्ये.
बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये
घरटं, कोरडं, नीट विणलेलं,
आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं.
ते काढायला मला अख्खा रविवार लागला.
इंजिन उतरवायला एक दुपार पुरली.

मग सात हिवाळे.
गॅस्केट त्रेलेवहून,
कार्बुरेटर कोर्दोबाच्या एका म्हाताऱ्याकडून,
जो म्हणाला, पैसे राहू देत, आवाज ऐकव.
चालू झाली त्या दिवशी फोन इंजिनपाशी धरला.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही,
नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

पत्रा सगळा ठोकून सरळ केला, एक फळी सोडून.
मागच्या फळीवर आतून खिळ्याने ओढलेल्या रेघा आहेत,
पाच-पाचच्या जुड्या :
लोकरीच्या गठ्ठ्यांचा हिशेब, आईच्या हातचा.
राख पडली त्या वर्षी तीनच रेघा,
आणि त्यापुढे काही नाही.
तिथे मी रंग दिला नाही.
गंज धरू नये म्हणून तेलाचं बोट फिरवते, वर्षातून दोनदा.

गिऱ्हाईक राजधानीतून आलं,
सेन्योर लांदाबुरु, पांढरे बूट, माणूस सज्जन.
हॉटेलच्या दारात उभी करणार,
हौद्यात माती भरून लॅव्हेंडर लावणार.
मी म्हटलं, भोकं पाडू नका,
पाणी आपोआप जातं, कुठून ते मला माहीत आहे.
घासाघीस त्यांनी केलीच नाही.
त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि चालवत न्यायची नव्हती.
मोठा ट्रक, त्यामागे लांबलचक ट्रेलर.
वाट दाखवणारा पाठुंगळी बसला,
चारी पायांना पट्टे बांधून,
आणि निघाला.

ओढ्यापर्यंत गेले. अर्धा कोस.
बर्फ नुकता वितळलेला;
नवाकोरा ट्रक पोटापर्यंत रुतला.
ड्रायव्हर एलिसेओ, कोवळं पोरगं,
टोपी हातात घेऊन परत आला.

मी किल्ली मागितली.
माझीच किल्ली, पैसे मोजून गेलेली.
पट्टे सोडले, उलटी उतरवली,
लहान दांडा मागे ओढला :
तो आधी अडतो,
मग काहीतरी आठवल्यासारखा बसतो.
पुढची चाकं जागी झाली.
चिखलात घाई करणारा चिखलातच जेवतो, बाबा म्हणायचे.
साखळी ताणू दिली. थांबले. मग पुन्हा.

ट्रक सुटला. वरच्या अंगाला उथळ आहे,
तिथून मी पुढे आणि तो नवाकोरा मागे,
शहाण्या मुलासारखा, माझ्या चाकोरीत.
सेन्योर टाळ्या वाजवू लागले, मग थांबले.
मला वाटलं, आता म्हणतील, ठेवा तुम्हीच.
त्यांना वाटलं असेल, ही म्हणेल, द्या परत.
वारा होता. कुणीच काही म्हटलं नाही.

पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू,
मीच ती ट्रेलरवर चढवली.
पट्टे आवळले.
‘झाडांना पाणी बेतानं घाला,’ एवढं बोलले
आणि ओढ्यातून परत चालत निघाले, बूट भरून.

वाटेत पंपावर थांबले, पाटी काढायला.
खिळे निघेनात.