मसुदा चौथा

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:
हजेरी अंगठ्यावर, मजुरी थेट खात्यात,
भाव दर अर्ध्या तासाला स्क्रीनवर.
रतिलालशेठनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
'ह्यात मिरची कुठंय?'
केयूर म्हणाला, पप्पा, पान सातवर.

नंदुरबारबाहेर, धुळ्याच्या रस्त्याला,
पथारीवर बारा एकर लाल.
ऊन उतरतं आणि मिरचीतच मुक्काम करतं,
वारा सुटला की अख्खा रस्ता शिंकतो:
मोटारसायकलवाले, एसटीतली पोरं,
आणि मी, बगलेत लॅपटॉप, नाकाला ओढणी.

रायलीबाईचा अंगठा घेतला.
फोन थरथरला. पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसला, मग माझ्या रुमालाला.
पुन्हा प्रयत्न करा.
अकरा हंगाम देठ खुडून
त्या अंगठ्यावरच्या रेघा कुठल्या पोत्यातून गेल्या
कुणी मोजलं नाही,
मोजला तो माल, किलोवर.
'हाऊ फोन माले वळखत नही,' ती म्हणाली,
आणि त्याच्या तोंडाशी वाकून,
बहिऱ्याला सांगावं तसं:
'मी शे ना रे. रायली.'

बाया हसल्या. मीही हसले
आणि तोच रुमाल डोळ्यांना लावला.
पुढच्या वीस मिनिटांत
मला कुठलंच धोरण आठवत नव्हतं.
कुणीतरी माझ्या तोंडावर ताक ओतत होतं.

दुसऱ्या मसुद्यात चेहरा घेतला.
पण पथारीवर चेहरा उघडा ठेवून
फक्त मिरची बसते.

तिसऱ्यात चार आकडी पिन.
हा चालला. तीन दिवस चालला.
चौथ्या दिवशी कळलं,
अडतीस बायांचा पिन एकच,
मुकादमानं आपल्या बुलेटचा नंबर
सगळ्यांना टाकून दिलेला.
'त्यांना कुठं लक्षात राहतंय मॅडम,' तो म्हणाला,
आणि अडतीस जणींची मजुरी
त्याच्या खिशात किणकिणली असं मी म्हणणार नाही,
हल्ली ती किणकिणत नाही.

मग मी लॅपटॉप मिटला.
दुपारी निंबाखाली भाकरीला बसले त्यांच्यात.
कांदा फोडता फोडता जसूबाईच्या कमरेत काहीतरी वाजलं,
एकदा, आणि थांबलं.
तिनं बघितलंही नाही. उठली, चपला शोधल्या.
'गाडी लागनी.'
एक रिंग, गाडी आली, उतरवायला चला.
दोन, आज काम नाही, पाड्यावरून निघू नका.
तीन, पोर रडतंय, घरी या.
कुणी ठरवलं? कुणास ठाऊक.
खर्च शून्य. प्रशिक्षण शून्य.
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन,
त्यावरचा पाच पुसून गेलेला.

तेच लिहिलं चौथ्या मसुद्यात.
कामावर आलं की एक मिस्ड कॉल, हजेरी.
वजन झालं की दुसरा, आणि उलट फोन येऊन
बाईच्या आवाजात, अहिराणीत किंवा भिलीत,
किती किलो, किती रुपये, ते सांगेल.
व्यापाऱ्यांसाठी पडदा वेगळा,
त्यावर भाव, ओलावा, गाडीभाडं,
सगळं जे केयूरला हवं होतं.
आणि मुकादमाचा हात
दोन्हींत कुठंच नाही. ही ओळ मी ठळक केली.

शेठनी दोन पानं उलटून पाहिली.
'मिस्ड कॉलचे पंचवीस हजार?'
केयूरनं आवंढा गिळला.
शेवटी अठरावर तुटलं,
वर पाच किलो मिरची, देठ काढलेली.

परवा रात्री पुण्याला पोचले होते,
फोन वाजला. एक, दोन, तीन,
चार, पाच. ही रिंग यादीत नव्हती.
घाबरून उलट लावला.
मागे कुत्रं भुंकत होतं, ताटली पडली.
'काही नही माय,' रायली म्हणाली,
'तू वळखस का, ते देखं.'

हो, म्हणाले मी. लगेच म्हणाले.
स्क्रीनवर नुसता नंबर होता.