बर्फातली सरकी

डिसेंबर लागला की चिठ्ठ्या यायच्या.
सदरमध्ये, चष्म्याच्या दुकानाच्या बगलेत,
खोब्रागडे रेकॉर्डिंग सेंटर : दोन डेक, एक स्टूल
आणि मी, नववी नापास,
कानाला हेडफोन, अंगात थोरल्या भावाचं स्वेटर.

चिठ्ठी कुणाची ते अक्षरावरूनच कळायचं.
अजनीच्या रेल्वे कॉलनीतले रिटायर्ड गार्ड डिमेलो
शिट्टी मारल्यासारखं लिहायचे, आडवं आणि जोरात.
मिशन हॉस्पिटलच्या एस्तेर सिस्टर
औषधाच्या कागदाच्या पाठीवर लिहायच्या.
पुढून : दिवसातून तीनदा, जेवणानंतर.
मागून : नाताळची सात इंग्रजी गाणी,
आमच्या जन्माआधीची.

त्यांची खरी नावं मला वाचता यायची नाहीत.
एक होतं खोकल्यावालं,
सुरुवातीलाच कुणीतरी घसा साफ करतं म्हणून.
एक सायकलवालं, त्यातल्या घंटीमुळं.
आणि एक सिस्टरचं.
त्यात एक बाई बर्फात उभी राहून
कुणाची तरी वाट बघते,
एवढंच मला कळलं,
तेही सिस्टरनं सांगितलं म्हणून.

बर्फ मी दोनदाच पाहिलेला.
एकदा रसवंतीच्या गोणपाटात.
एकदा त्यांच्या चर्चमधल्या गोठ्यावर,
काटोलच्या शेतातून पोत्यानं आलेला,
आणि त्यात सरकी तशीच राहून गेलेली.
मी बोटानं एक बी काढली.
"आपल्याकडं बर्फात बी असते," सिस्टर म्हणाल्या,
"पेरला तर उगवेल."

साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस.
सिस्टरचं गाणं मुद्दाम शेवटी.
बाई वाट बघत बघत एक सूर वर चढते
आणि
खट्.
"काऊन रे, थांबवलंस काऊन?"
"मी नाही जी, फीत संपली."
नव्वदची घ्या म्हटलं, तर बारा रुपये जास्त.
त्यांनी पाकीट उघडलं. मिटलं.
"राहू दे. तिलाही थांबू दे जरा."

खोब्रागड्यांनी त्या कॅसेटवरून दुसरी काढली,
दुसरीवरून चाळीस.
मोहननगर, कामठी, खलाशी लाईन.
त्या वर्षी बेकरीच्या भट्टीपुढं
केकचे डबे छातीशी धरून रांगेत थिजलेली पोरं
तेच गाणं गुणगुणायची
आणि बरोब्बर तिथंच थांबायची,
गाणं असतंच तेवढं, अशा खात्रीनं.
कुणीतरी डब्यावर नख मारायचं : खट्.
मग सगळे हसायचे, तोंडातून वाफ.

सिस्टर रिटायर होऊन बैतूलला गेल्या.
पत्ता मी लिहून घेतला होता,
औषधाच्याच एका कागदावर.
तो कुठं गेला ते विचारू नका.
सेंटरच्या जागी आता मोमो मिळतात.
मी सरकते जिने दुरुस्त करतो.

परवा वर्धा रोडच्या मॉलमध्ये
तिसऱ्या मजल्याचा जिना अडकला.
मी पायऱ्या उचकून आत, हात ग्रीसनं काळे,
आणि छतातून ती बाई.
पस्तीस वर्षांनी आवाज चकचकीत झालेला,
आमच्या फितीची खरखर कुणीतरी पुसून टाकलेली.
जिन्याच्या पायथ्याशी एक अनोळखी म्हातारे,
पिशवीत संत्री, ओठ हलताहेत.
सूर वर चढला.
ते थांबले.
मीही थांबलो, पाना हातात तसाच.

गाणं थांबलं नाही.
पुढं अख्खं कडवं होतं,
व्हायोलिनं होती, बहुतेक कुणीतरी आलंसुद्धा.
म्हाताऱ्यांनी कठड्यावर नख मारलं.
खट्.

"मोहननगर?" मी विचारलं.
"खलाशी लाईन," ते म्हणाले,
आणि पिशवीतून एक संत्रं काढून
माझ्या काळ्या हातावर ठेवलं.

बाई पुढं काय म्हणाली
ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.
जिना बंदच होता.
गाणं एकटंच वर निघून गेलं.